शेजारी आडवा आला तर: घर बांधताना कोणतं पाऊल आधी, कोणतं नंतर

भांडण दिसतं खोदाईच्या दिवशी, पण ते त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेलं असतं. आपण भूमिपूजन करतो, जेसीबी बोलावतो, आणि शेजाऱ्याला काम सुरू झाल्याचं कळतं ते त्या जेसीबीच्या आवाजानेच. तो कुंपणाशी येऊन म्हणतो, "इथपर्यंत माझी जागा आहे." मग आपण मोजणीचा अर्ज करायला धावतो. तारीख मिळेपर्यंत खड्डे उघडे राहतात, गवंडी दुसऱ्या साइटवर निघून जातात, आणि एका वाक्यात मिटला असता तो वाद दोन घरांच्या इभ्रतीचा होऊन बसतो.

मी लहान शहरांत बंगल्यांच्या आणि रो-हाऊसच्या साइट सांभाळतो. शेजाऱ्यामुळे अडकलेली जितकी कामं पाहिली, त्यांतल्या बहुतेकांत पावलांचा क्रम उलटा झालेला होता: आधी खोदाई, मग बोलाचाली, मग मोजणी, शेवटी वकील. खाली योग्य क्रम देतो आहे. स्वतःच्या प्लॉटवर किंवा गावठाणातल्या जुन्या जागेवर घर बांधणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. मुंबईची नियमावली वेगळी आहे. उरलेल्या महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी 2020 ची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे, तीच इथे धरली आहे.

## टप्पा 1: कागद एकत्र करा

खरेदीखत, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, मंजूर लेआऊटचा नकाशा आणि असल्यास जुन्या मोजणीची प्रत, एवढं एका फाइलमध्ये लावा. मग खरेदीखतातली चतुःसीमा आणि नकाशातल्या प्लॉटच्या बाजू एकमेकांशी ताडून पाहा. खरेदीखतात "पूर्वेस रस्ता" आणि नकाशात पूर्वेला दुसराच प्लॉट, असं मी दोनदा पाहिलं आहे. ही विसंगती शेजाऱ्याच्या वकिलाला सापडण्याआधी तुम्हाला सापडली पाहिजे.

लेआऊटमधला प्लॉट असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात त्याचं कमी-जास्त पत्रक (मूळ जमिनीतून पाडलेल्या प्लॉटांची वेगवेगळी नोंद) झालं आहे का, तेही विचारून घ्या. ते झालेलं नसेल तर प्लॉटला सरकारी नकाशात स्वतंत्र अस्तित्व नसतं आणि पुढची मोजणी अडखळते.

नेहमीची चूक: "सातबाऱ्यावर दोन गुंठे आहेत, म्हणजे दोन गुंठे माझे." सातबारा क्षेत्र आणि नाव सांगतो. जमिनीवर रेघ कुठे पडते, ते नकाशा आणि मोजणी सांगते. शेजाऱ्यापुढे सातबारा नाचवून हद्दीचा वाद मिटत नाही.

## टप्पा 2: हद्द कायम मोजणी, बांधकामाच्या कितीतरी आधी

साऱ्या लेखातला एकच टप्पा मनावर घ्यायचा असेल तर हा घ्या.

भूमी अभिलेख उप अधीक्षकांच्या कार्यालयात (शहरात नगर भूमापन कार्यालयात) हद्द कायम मोजणीसाठी अर्ज करायचा. अर्ज आता ई-मोजणी प्रणालीतून होतो. काम सुरू करायच्या निदान तीन-चार महिने आधी तो करा. घाई असेल तर जास्त शुल्क भरून लवकरची तारीख मागता येते.

अर्जात लगतच्या सर्व धारकांची नावं आणि पत्ते अचूक लिहा. मोजणीची नोटीस त्यांना जाते, आणि पुढे "मला कळवलंच नाही" हा सगळ्यात सोपा आक्षेप असतो. जुना मालक वारला असेल तर वारसांची नावं लिहा. नोटीस गेली तरी स्वतः जाऊन सांगा: "काका, मोजणी गुरुवारी सकाळी आहे. तुम्ही समोर उभे राहा, तुमच्या मनात काय असेल ते मोजणीदारालाच सांगा."

त्या दिवशी काय होतं ते नीट माहीत असू द्या. भूकरमापक आधी पक्की ठिकाणं शोधतो: जुने दगड, रस्त्याचा कोपरा, शेजारच्या गटाची हद्द. मग जागेवरची वहिवाट मोजतो. नंतर नकाशाप्रमाणे हद्दीच्या खुणा दाखवतो, आणि हजर असलेल्यांचे जबाब घेतो. शेजाऱ्याने सही नाकारली तरी मोजणी रद्द होत नाही. तो हजर होता आणि त्याने सही नाकारली, एवढी नोंद पंचनाम्यात आली की पुरे. खुणा दाखवल्या की त्याच दिवशी, सगळ्यांच्या देखत, तिथे सिमेंटमध्ये दगड किंवा अँगल बसवा आणि फोटो काढा. चुन्याची रेघ पहिल्या पावसात जाते, लाकडी खुंटी त्याहून आधी.

नंतर मोजणीच्या नकाशाची "क" प्रत घ्या. ती हातात आल्याशिवाय आर्किटेक्टला अंतिम नकाशा काढू देऊ नका.

एका मोजणीत हद्दीची खूण नेमकी शेजारच्या मावशींच्या तुळशी वृंदावनाच्या आत पडली. वृंदावन नऊ इंच आमच्या बाजूला होतं. मावशींचा चेहरा उतरला आणि त्यांच्या मुलाचा आवाज चढला. मालकाने तिथल्या तिथे सांगितलं, "वृंदावन हलणार नाही." पण तोंडी औदार्यावर मी थांबू दिलं नाही. दोघांनी मिळून लिहून ठेवलं की ही नऊ इंच जागा प्लॉटमालकाची आहे, वृंदावन त्याच्या परवानगीने तिथे आहे, आणि त्यावरून मालकीचा हक्क सांगितला जाणार नाही. परवानगीने वापरलेल्या जागेवर कितीही वर्षांनी विरोधी ताब्याचा (दीर्घ ताब्यावरून मालकी सांगण्याचा) दावा टिकत नाही. तो कागद आज दोन्ही घरांत आहे आणि वृंदावनही जागेवर आहे.

शेजाऱ्याला मोजणी मान्य नसेल तर त्याने निमताना मोजणी मागावी. तिथे वरिष्ठ अधिकारी फेरतपासणी करतो. हे तुम्हीच त्याला सांगा. ज्याला दाद मागायची वाट माहीत असते, तो कुंपण तोडायला उठत नाही.

इशारा: मोजणीत शेजाऱ्याचं अतिक्रमण निघालं म्हणून ते आपल्या हाताने पाडू नका. मोजणी हद्द दाखवते, ताबा मिळवून देत नाही. ताबा घ्यायचा तर रीतसर, बहुतेकदा दिवाणी दावा करूनच. रात्रीतून भिंत पाडणारा माणूस सकाळी आरोपी झालेला असतो, मग जागा त्याचीच का असेना.

पुढे जाण्याआधी तपासा: "क" प्रत हातात आहे का? चारही कोपऱ्यांवर पक्क्या खुणा आहेत का? लगतच्या प्रत्येकाला कळवल्याचा पुरावा आहे का?

## टप्पा 3: परवानगी, आणि नकाशाशी इमान

शेजाऱ्याची तक्रार बहुधा पहिल्यांदा पालिकेत जाते. तिथे तिला दात फुटतात ते तुमचं काम मंजूर नकाशाप्रमाणे नसेल तरच. म्हणून बांधकाम परवानगी आणि प्रारंभ प्रमाणपत्र हाती येईपर्यंत जमिनीला फावडं लावू नका. शिक्क्याच्या नकाशाची एक प्रत साइटवर कायम ठेवा, आणि परवानगी क्रमांक, तारीख, आर्किटेक्टचं नाव असा फलक रस्त्यावरून वाचता येईल असा लावा. जोत्यापर्यंत आलात की जोते तपासणी करून घ्या आणि तो कागद येईपर्यंत वर जाऊ नका.

सामासिक अंतरात, म्हणजे हद्दीपासून घरापर्यंत मोकळ्या सोडायच्या जागेत, घुसू नका. "दोन फूट बाल्कनी पुढे घेऊ, कोण बघतंय" असं मालक म्हणतो तेव्हा मी त्याला शेजारच्या खिडकीकडे बघायला सांगतो. तिथे बघणारा माणूस असतो, आणि रागावलेल्या शेजाऱ्याइतकं बारीक मोजमाप पालिकेचा अभियंतासुद्धा घेत नाही. बदल हवाच असेल तर आधी सुधारित नकाशा मंजूर करून घ्या.

शेजाऱ्याची ना-हरकत लागते का, हे फार जण विचारतात. स्वतंत्र प्लॉट आहे, मालकी स्वच्छ आहे, सामासिक अंतरं सोडली आहेत, तर शेजाऱ्याची ना-हरकत हा परवानगीचा भाग नसतो. भिंत सामाईक असेल, बोळ किंवा विहीर सामाईक असेल, किंवा सातबारा एकत्र असेल, तेव्हा मात्र सहधारकांच्या संमतीचा प्रश्न येतो आणि तो आधीच सोडवावा लागतो. हा फरक माहीत नसल्याने लोक गरज नसलेल्या सहीसाठी पैसे देतात, आणि गरज असलेली सही घ्यायची विसरतात.

आणखी एक गोष्ट परवानगीने आपोआप सुटत नाही. शेजाऱ्याच्या खिडकीतून 20 वर्षं अखंड आणि हक्काने उजेड-वारा येत असेल, तर 1882 च्या सुविधाधिकार कायद्याने त्याला त्यावर हक्क सांगता येतो. पालिकेचा शिक्का त्या हक्काला पुसून टाकत नाही. गावठाणात भिंतीला भिंत लागलेली असते, तिथे हे आधी पाहा. अशी जुनी खिडकी असेल तर नकाशातच छोटा चौक किंवा मोकळी जागा सोडणं स्वस्त पडतं.

## टप्पा 4: शेजाऱ्याच्या घरी जा

कामाच्या पंधरा दिवस आधी जा. नवरा-बायको दोघं जा, घरातलं वडीलधारं माणूस असेल तर त्यालाही न्या. ठेकेदाराला पाठवू नका. तो त्यांचा शेजारी होणार नाही, तुम्ही होणार आहात. आधीच कटुता असेल तर दोन्ही घरांना मान असलेला एखादा माणूस सोबत घ्या. गावात तंटामुक्त समिती काम करत असेल तर तिच्या अध्यक्षांना मध्ये घालता येतं.

बोलताना परवानगी मागू नका आणि हक्कही सांगू नका. माहिती द्या आणि अडचण विचारा: "वहिनी, पुढच्या महिन्यात काम सुरू करतोय. तुमच्याकडे कुणाची परीक्षा आहे का, कुणी आजारी आहे का? स्लॅबचे दिवस आधी कळवीन." घरात दहावीचं मूल किंवा अंथरुणावरचं म्हातारं माणूस असेल तर ते याच भेटीत कळतं, आणि ब्रेकरची वेळ ठरवता येते.

नंतर हेच लेखी द्या. साधं पत्र पुरतं:

"आमच्या प्लॉटवर ___ तारखेपासून बांधकाम सुरू होत आहे. परवानगी क्रमांक ___. कामाची वेळ सकाळी 8 ते संध्याकाळी 7. खोदाईपूर्वी आपल्या घराच्या सध्याच्या स्थितीची आपल्या समोर फोटोसह नोंद करण्याची विनंती आहे. त्रास झाल्यास या क्रमांकावर कळवावे: ___."

दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. सही देत नसतील तर पोचपावतीच्या टपालाने पाठवा. क्रमांक तुमचा स्वतःचा द्या, आणि फोन उचला.

नेहमीची चूक: या भेटीत तोंडी आश्वासनं वाटणं. "तुमचं कुंपण बांधून देतो, तुमची मोरी नीट करून देतो" असं ओघात बोललेलं पुढे करार म्हणून अंगावर येतं. जे करणार आहात तेवढंच बोला.

## टप्पा 5: खोदाईआधी शेजारच्या घराची नोंद

हा टप्पा जवळजवळ सगळेच वगळतात, आणि भरपाईचे वाद इथूनच निघतात. तुम्ही खोदायला लागलात की शेजारी आपल्या भिंती पहिल्यांदा निरखून बघायला लागतो. दहा वर्षांपूर्वीची भेग त्याला त्या दिवशी दिसते आणि ती तुमचीच आहे असं तो मनापासून मानतो. तो खोटं बोलत नसतो.

म्हणून इंजिनिअरला घेऊन, त्यांच्या संमतीने, तुमच्या बाजूच्या सगळ्या भिंती, फरशी, कुंपण, पाण्याची टाकी आणि गच्चीचा कठडा यांचे फोटो घ्या. भेगेशेजारी मोजपट्टी धरा. मोठ्या भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसच्या दोन ठिपक्यांमध्ये काचेची अरुंद पट्टी आडवी चिकटवा आणि वर तारीख लिहा. भेग हलली तर काच तडकते. काच शाबूत राहिली तर दोन्ही घरांना रात्री झोप लागते. फोटोंची एक प्रत शेजाऱ्याला द्या, दुसरी फाइलमध्ये ठेवा.

आत येऊ देत नसतील तर जबरदस्ती नको. आपल्या जागेतून आणि रस्त्यावरून दिसेल तेवढं टिपा, आणि विनंती केल्याची पोच जपा.

## टप्पा 6: लाईनआऊट आणि खोदाई

लाईनआऊट, म्हणजे घराच्या पायाची जमिनीवरची आखणी, मोजणीच्या खुणांवरून करा. जुन्या कुंपणावरून किंवा शेजारच्या भिंतीवरून कधीच नको. कुंपण तिरकं असतं, भिंत तर बहुधा असतेच. दोरी लावली की शेजाऱ्याला बोलावून दाखवा. पाच मिनिटं लागतात.

आता खोदाई, जिथे शेजाऱ्याचं खरं नुकसान होऊ शकतं. त्याच्या जमिनीला तुमच्या जमिनीचा जो नैसर्गिक आधार आहे, तो काढून घ्यायचा हक्क तुम्हाला नाही. मी पाळतो ते सांगतो:

1. हद्दीलगतची खोदाई पावसाळ्यात काढत नाही. काळ्या मातीत तर मुळीच नाही. एकदा जूनच्या पहिल्या आठवड्यात "दोन दिवसांचं काम आहे" म्हणून मी ती काढली. तिसऱ्या दिवशी पाऊस आला, खड्ड्याची बाजू ढासळली आणि शेजारचं दगडी कुंपण हातभर आत झुकलं. चूक पूर्णपणे आमची होती. कुंपण नव्याने बांधून दिलं, पण त्या घराचा विश्वास परत मिळाला नाही.
2. शेजारच्या भिंतीजवळ जेसीबी नेत नाही, तिथे हाताने खोदतो. सगळे खड्डे एकदम उघडत नाही. एक सोडून एक खड्डा घ्यायचा, पीसीसी (तळाचं साधं काँक्रीट) करून फुटिंग (कॉलमखालचा पाया) भरायचं, मग मधला.
3. खड्डा 1.5 मीटरपेक्षा खोल जात असेल तर बाजूंना आधार दिल्याशिवाय माणूस खाली उतरवत नाही.
4. खड्ड्यात पाणी लागलं तर पंप लावून रात्रंदिवस उपसत बसत नाही. पाण्याबरोबर शेजारच्या पायाखालची बारीक मातीही निघून येते. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावतो.
5. हद्दीवरच्या कॉलमचं फुटिंग शेजाऱ्याच्या जमिनीखाली सरकू देत नाही. नेहमीचं चौरस फुटिंग कॉलमच्या चारही बाजूंना पसरतं. हद्दीवर ते चालत नाही. तिथे एका बाजूचं फुटिंग घेऊन ते आतल्या कॉलमला स्ट्रॅप बीमने (जोडणाऱ्या तुळईने) बांधावं लागतं. हे ड्रॉइंगमध्ये आहे का, ते खोदाईआधी बघा. जमिनीखालचं अतिक्रमण दिसत नाही, पण शेजारी उद्या पाया खणायला लागला की सापडतं.

तपासा: आठवड्यातून एकदा काचपट्ट्या बघून फोटो घ्या. एखादी तडकली तर त्या बाजूचं काम त्याच क्षणी थांबवा आणि शेजाऱ्याने सांगण्याआधी तुम्ही त्याला सांगा.

## टप्पा 7: रोजची शिस्त

निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवायला ध्वनिप्रदूषण नियमांनुसार मनाई आहे. स्लॅब रात्रीपर्यंत लांबतो तो सकाळी उशिरा सुरू केल्यामुळे. मिक्सर आणि माणसं आदल्या संध्याकाळी साइटवर आणून ठेवा आणि उजाडताच भरायला घ्या.

खडी-वाळू रस्त्यावर टाकायची तर पालिकेची परवानगी घ्या, आणि शेजाऱ्याच्या गेटसमोर परवानगी असली तरी टाकू नका. क्युरिंगचं पाणी त्याच्या अंगणात जाऊ देऊ नका. परांचीला हिरवी जाळी बांधा. विजेसाठी महावितरणचं तात्पुरतं कनेक्शन घ्या. घरगुती मीटरवर बांधकाम चालवणं हा अनधिकृत वापर ठरतो, आणि या एका तक्रारीवर शेजारी तुम्हाला कायदेशीररीत्या अडचणीत आणू शकतो. झाडाच्या फांद्या आड येत असतील तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घेऊनच तोडा.

बिगाऱ्यांसाठी शौचालय पहिल्या दिवशी बांधा. माझ्या अनुभवात हद्दीच्या वादाखालोखाल भांडणं होतात ती यावरून: उघड्यावर बसणं, उघड्यावर अंघोळ, रात्री मोठ्याने गाणी. त्यात त्या मजुरांचा दोष नसतो. सोय मालकाने करायची असते.

धुळीचंही तसंच. एप्रिलमध्ये एका साइटवर आमच्या माणसाने सिमेंटच्या रिकाम्या गोण्या वरच्या स्लॅबवर झटकल्या. दुपारी शेजारच्या आजी ताट घेऊन गेटवर उभ्या. कुरडयांवर करडी भुकटी बसली होती. वरची फुंकरीने उडत होती, पण वळ्यांमध्ये शिरलेली निघत नव्हती. तीन दिवस गहू भिजवून, वाटून, चीक काढून केलेलं काम. आजी भांडल्या नाहीत, नुसतं ताट पुढे धरलं. मालकाच्या बायकोने त्याच संध्याकाळी गहू भिजत घातले आणि चौथ्या दिवशी आजींच्या गच्चीवर जाऊन त्यांच्याबरोबर कुरडया घातल्या. पुढे त्याच घरातल्या मुलाने हद्दीचा विषय काढला, तेव्हा आजींनीच त्याला आमच्या समोर बसवून मोजणीचा नकाशा बघायला लावला.

## टप्पा 8: तक्रार आली की आधी निवड करा

प्रत्येक तक्रार खोडसाळ नसते. आली की त्याच दिवशी वहीत तारीख, वेळ, शब्द आणि तुम्ही काय केलं ते लिहा. मग स्वतःला विचारा: यात खरं किती आहे?

धूळ, पाणी, भेग, अडलेलं गेट ही तक्रार खरी असेल तर चोवीस तासांत दुरुस्त करा, फोटो काढा आणि "दुरुस्त केलं आहे" असा संदेश पाठवा. दुरुस्ती करून द्या. रोख पैसे देऊ नका. रोख रकमेची पावती कुणी देत नाही आणि पुढच्या महिन्यात दुसरी मागणी येते.

खऱ्या तक्रारी वेळच्या वेळी मिटल्या की खोडसाळ तक्रार उघडी पडते. तिच्यामागे उभं राहायला गल्लीतलं कुणी उरत नाही.

काही देवाणघेवाण ठरलीच, तर ती मुद्रांकावर, दोन साक्षीदारांसह लिहा. मात्र "अर्धा फूट तुझा, अर्धा फूट माझा" असला जमिनीचा अदलाबदल नोटरीच्या कागदावर होत नाही. त्याला नोंदणीकृत दस्त लागतो.

## टप्पा 9: नोटीस आणि कोर्ट

पालिकेची नोटीस आली तर ती घ्या, नाकारू नका. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 मध्ये काम थांबवण्याची नोटीस कलम 54 खाली आणि अनधिकृत बांधकाम हटवण्याची कलम 53 खाली येते. नोटिशीत कोणतं कलम आणि किती मुदत आहे ते आधी वाचा, आर्किटेक्टकडून मुदतीत लेखी उत्तर द्या आणि आवक शिक्का घ्या. काम थांबवायला सांगितलं असेल तर थांबवा. नोटीस चुकीची वाटली तरी तिच्यावर काम रेटलं की बरोबर असलेली बाजूही पडते. तक्रारीची प्रत माहितीच्या अधिकारात मागता येते. उत्तराची मुदत 30 दिवस आहे.

शेजारी कोर्टात जाण्याची भाषा करत असेल तर दिवाणी न्यायालयात कॅव्हेट दाखल करा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 148अ खाली तुम्हाला न कळवता मनाई हुकूम निघू नये म्हणून ही सोय आहे. ती 90 दिवस टिकते, पुढे पुन्हा दाखल करावी लागते, आणि तिची सूचना शेजाऱ्याला टपालाने द्यावी लागते. म्हणूनच पहिल्याच कुरबुरीला कॅव्हेट नको. घरी कोर्टाचं पाकीट आलं की बोलणारा शेजारीही बोलायचा थांबतो.

दावा दाखल झालाच तर मनाई हुकमाच्या अर्जावर कोर्ट तीन गोष्टी पाहतं: सकृद्दर्शनी बाजू कुणाची, गैरसोयीचं पारडं कुणीकडे, आणि भरून न येणारं नुकसान कुणाचं. तुमची मोजणी, परवानगी, पोच, फोटो या वेळी कामाला येतात. हद्दीवरच वाद असेल तर कोर्ट कमिशनर नेमून जागेची मोजणी करून घ्या, अशी मागणी वकिलांमार्फत तुम्हीच करा. तारखा चालू असतानाही समेट शक्य असतो. तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाव्याआधीही प्रकरण नेता येतं, आणि लोकअदालतीत झालेला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही.

## टप्पा 10: धमकी, अडवणूक, तोडफोड

इथे समजुतीची भाषा थांबते. मारहाण, साइटवर घुसणं, सेंट्रिंग पाडणं, पैशासाठी काम अडवणं हे गुन्हे आहेत. त्या क्षणी 112 वर फोन करा, माणसांना मागे घ्या, प्रतिकाराला मुकादम पुढे करू नका. नंतर लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. शिवीगाळीची बहुधा अदखलपात्र नोंद होते, तिचा पोलीस परस्पर तपास करत नाहीत. तरीही नोंद करा, कारण पुढच्या घटनेला त्या नोंदींचा आधार मिळतो.

कॅमेरा लावा, पण तो तुमच्या साइटकडे तोंड करून. शेजाऱ्याच्या खिडकीत किंवा न्हाणीघराकडे वळलेला कॅमेरा तुमच्याविरुद्धच गुन्हा होऊ शकतो. चित्रण मूळ स्वरूपात जपा, व्हॉट्सॲपवर फिरवलेली प्रत नको. कोर्टात ते देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं, ते वकिलांकडून तयार करून घ्या.

इशारा: वाद पेटलेला असताना शेजाऱ्याच्या दारात एकट्याने जाऊ नका, आणि रात्री तर जाऊच नका. गल्लीच्या ग्रुपवर त्याच्याबद्दल एक ओळही लिहू नका.

## टप्पा 11: काम संपताना

बाहेरच्या प्लास्टरला आणि रंगाला शेजाऱ्याच्या जागेत परांची लावायची वेळ आली तर तारखा लिहून परवानगी मागा. नाही म्हणाला तर गच्चीवरून झुला सोडून काम करा. गच्चीचं पाणी आपल्याच हद्दीत पडेल असे पाइप काढा. कुंपणाची भिंत तिच्या पायासकट आपल्या खुणांच्या आत बांधा, आणि मोजणीचे दगड भिंतीत गाडू नका, दिसते ठेवा.

भोगवटा प्रमाणपत्र (घर वापरायला पालिकेची मंजुरी) घ्या. ते नसेल तर शेजाऱ्याची तक्रार गृहप्रवेशानंतरही जिवंत राहते. मग टप्पा 5 चे फोटो घेऊन शेजाऱ्याच्या घरी जा, भिंती पुन्हा एकदा दोघांनी मिळून बघा, राहिलेली दुरुस्ती करा आणि "आता काही तक्रार नाही" असं दोन ओळींत लिहून घ्या. त्यांची गच्ची आणि पन्हाळी एकदा धुऊन द्या. सिमेंटचा थर पन्हाळीत साचलेला असतो आणि पहिल्या पावसात तो त्यांच्या दारात उतरतो. फाइल मात्र टाकून देऊ नका. शेजारी कधीतरी वर मजला चढवेल, तेव्हा हद्दीचे कागद दोन्ही घरांना पुन्हा लागतील.